आवडीनं बुरशी दिली नाही

आटपाट रान होतं. रानाच्या कडेला आवडीचं खोपट. दाराला कडीसुद्धा नव्हती. चोर येऊन नेणार काय? मडकं रिकामं, चूल गार, आणि आई नुकती तापातून उठलेली. अंगात उभं राहायचं त्राण नाही.

"पोटात काही गेलं तर उठेन गं," आई म्हणाली. आवडी टोपली घेऊन अळंब्या शोधायला निघाली.

वारुळापाशी एकही अळंबी नव्हती. होता एक दवाचा थेंब. तो फुगला, चमचमला, आणि त्यातून टपकन उतरली इवलीशी परी! मोरपिशी पंख, जाईच्या कळीएवढी पावलं, हातात चांदीची कांडी.

"माग, आवडे!"

"आईला जेवण दे."

"देते. पण नियम आहे हं. या रानातलं एक भावंड मी घेऊन जाणार. पांढरी अळंबी, ओंडक्यावरची हिरवट बुरशी, नाहीतर गळलेलं फळ आंबवणारं ते किण्व, डोळ्यालाही न दिसणारं."

"ही भावंडं कशी?"

"तिघांनाही पान नाही, फूल नाही, ऊन पिता येत नाही. पडलेलं, कुजलेलं खायचं आणि माती करायची. एक छत्री उघडून मिरवते, एक कापसासारखी पसरते, धाकटं गुपचूप फसफसतं. तू आपली बुरशी दे. घाणेरडी मेली!"

आवडीनं पलीकडच्या टेकडीकडे पाहिलं. तिथं वाळली पानं कमरेएवढी साचलेली. एक रोपटं डोकं वर काढत नव्हतं.

"तिथली बुरशी तूच नेलीस ना?"

परीचे गाल गुलाबी झाले. "लोकांनी दिली."

"मी नाही देणार! मग ही पानं खाणार कोण? तू?"

"बरं, त्या झाडाखालची पिवळी विषारी छत्री दे. माणसं मरतात ती खाऊन."

"मग खाऊ नये! ती चालत आली होती का कुणाच्या ताटात? आई म्हणते, ओळख नाही त्या छत्रीला हात लावू नये. आम्ही नाही लावत."

"मग जेवण नाही."

भिंतीला टेकलेली आई आवडीच्या डोळ्यांपुढे आली. डोळे भरले. तरी ती पाय रोवून म्हणाली, "नको तुझं जेवण! आईच्या पोटासाठी दुसऱ्याचं घर मी मोडायची नाही. कंद उकरीन." आणि तिथंच बसून ती उकरायला लागली.

कडकन कांडी मोडली!

"कुणी 'नाही' म्हणेपर्यंतच तो नियम होता," परी हसली. "आजवर कुणी म्हणालंच नाही गं!"

सोनेरी, जांभळा, पोपटी उजेड फुटला. परी त्यात विरघळली आणि उजेड टेकडीवर सांडला. पानांखाली बुरशीचे पांढरे धागे सळसळले. वारुळाभोवती अळंब्यांच्या छत्र्या उघडल्या, आई दाखवायची तश्शाच.

आवडीनं टोपली भरली; न उघडलेल्या छत्र्या मात्र तिथंच ठेवल्या.

गरम कालवण ओरपून आई भिंत सोडून उभी राहिली. "कुणी दिल्या गं एवढ्या?"

"दिल्या कुठल्या? भांडून आणल्या!"

'नाही' म्हणायला जशी आवडीची जीभ वळली, तशी साऱ्या लेकीबाळींची वळो.