दोऱ्याखालचा फुटवा

त्या पठारावर एकाही थोराच्या धडावर त्याचे स्वतःचे डोके नव्हते.

थोर ही निवडुंगाची जात मूळची तिथलीच. कातळाच्या भेगेत मूठभर माती मिळाली तरी ते मूळ धरत आणि आठ-आठ महिने पाण्यावाचून काढत. पण दिसायला अगदी साधे: हिरवे, धारांचे, काटेरी. तुरे ही दुसरी जात मात्र डोंगरापलीकडून आलेली. अंग चांदीसारखे, त्यावर घड्याच घड्या आणि कडेला गुलाबी झाक. एवढे देखणेपण पठाराने आधी कधी पाहिले नव्हते. तुऱ्यांची अडचण एवढीच होती, की त्यांना मूळ फुटत नसे आणि अंगात हिरवे नसल्यामुळे स्वतःचे अन्नही करता येत नसे.

म्हणून एक रीत पडली. थोर हातभर वाढला की त्याचे डोके उडवायचे, मानेवर तुरा बसवायचा, दोऱ्याने घट्ट आवळायचा आणि सात दिवस त्याला ऊन लागू द्यायचे नाही. आठव्या दिवसापर्यंत दोघांचा चीक एक होई. दोरा मात्र कधीच सोडत नसत. दोऱ्याच्या वर जे असेल ते राज्य आणि दोऱ्याच्या खाली जे उगवेल ती चोरी, एवढा एकच कायदा तिथे होता.

डोकी उडवण्याचे काम नांगोजी नावाच्या म्हाताऱ्या खेकड्याकडे होते. त्याची उजवी नांगी डावीच्या दुप्पट होती आणि तिच्यावर वाळलेल्या चिकाची पुटे चढलेली होती. दोरा बांधण्याचे काम सूतकाकी नावाच्या कोळिणीकडे होते.

कातळ्या नावाच्या तरण्या थोराची पाळी आली तेव्हा तो थरथरत होता.

"घाबरू नकोस रे," नांगोजी त्याच्या अंगावर चढत म्हणाला. "डोकं म्हणजे नुसतं ओझं. गेल्यावर हलकं वाटतं. आजवर एकानंही तक्रार केलेली नाही."

"करणार कशानं?" सूतकाकी पुटपुटली.

नांगी मिटली. कातळ्याचे डोके दगडावर आपटून दोनदा उसळले आणि घरंगळत कड्यावरून खाली गेले. पांढरा चीक भळाभळा वाहू लागला. तो थांबायच्या आतच वर तुरेबाई नावाचा तुरा बसला आणि सूतकाकीने दोरा इतका आवळला, की तो सालीत रुतला.

त्यानंतर कातळ्याला बोलायचे झाले तर अंगावरच्या धारांतून कुजबुजावे लागे. ते बोलणे दोऱ्याखालून येई, म्हणून कोणी मनावर घेत नसे. लोक तुरेबाईला पाहायला येत. वारा तिची वाहवा करी, फुलपाखरे तिच्याभोवती घुटमळत. कातळ्या दगडातून पाणी ओढी, त्याचा चीक करी आणि वर पाठवी.

पण थोराच्या अंगात थोरपण राहतेच. काही महिन्यांनी त्याच्या धारेवर एक डोळा फुगला आणि त्यातून मोहरीएवढा हिरवा फुटवा बाहेर आला. कातळ्याला तो दिसत नव्हता, नुसता जाणवत होता. आपल्याच अंगातून कोणीतरी आपल्याकडे पाहते आहे, असे त्याला वाटले. दुसऱ्या दिवशी नांगोजी आला. तो फुटवा नुसता तोडत नसे. पुन्हा डोळा फुटू नये म्हणून नांगीचे टोक आत खुपसून तो तळ खरवडून काढी. कातळ्या तीन दिवस गळत राहिला. दुसरा फुटवा असाच गेला. तिसरा तर नांगोजीने त्याच्यासमोर दगडावर ठेवून ठेचला.

शेजारच्या खडप्या नावाच्या थोराने एकदा चिडून वर जाणारा चीक अडवला होता. नांगोजीने त्याला कमरेत तोडले. खडप्याचा तुरा त्याच दुपारी दुसऱ्या धडावर बसला आणि संध्याकाळी वाऱ्याशी गप्पा मारू लागला.

चौथा फुटवा आला तो मागच्या बाजूला, कातळ्याचे अंग आणि खडकाची भिंत यांमधल्या चिंचोळ्या फटीत. कातळ्याने अंग हळूहळू भिंतीकडे कलते केले आणि फट आणखी अरुंद केली. दोरा तपासायला आलेल्या सूतकाकीला तो दिसलाच.

"काकी, पाया पडतो. बोलू नका."

"पाय कुठं आहेत तुला, पडायला?" काकी म्हणाली. "आणि मी कशाला बोलू? मी दोरा बांधणारी. बोलणाऱ्या वर बसल्यात." जाता जाता तिने फटीच्या तोंडावर एक धुळकट जाळे विणून टाकले.

फुटवा वाढू लागला. बोटभर झाला, वीतभर झाला. त्याला चीक लागे. कातळ्या वरचा थोडा थोडा कमी करून त्याला देई. तुरेबाईची गुलाबी कड फिकटली. तिने एका सकाळी किंचाळून पठार डोक्यावर घेतले.

"नांगोजी! खाली कुणीतरी माझं खातंय!"

नांगोजी धावत आला. त्याने कातळ्याच्या अंगावर सगळीकडे चाचपले, जाळे फाडले आणि फटीत नांगी घातली. पण त्याची नांगी जाड होती आणि फट अरुंद. टोक नुसते फुटव्याच्या सालीला खरचटले. आतून बारीक आवाज आला, "बाबा!"

"बाबा म्हणतंय!" नांगोजी खदखदून हसला. "चोराचं लेकरू बोलायलासुद्धा लागलं! सरक बाजूला."

"नाही सरकणार."

"मग तुलाच सोलतो. तू गेलास की वाट आपोआप मोकळी."

नांगोजीने कातळ्याच्या कुशीत नांगी रुतवली आणि पिळली. धार फाटली. कातळ्याने अंगातला सगळा चीक त्या जखमेकडे लोटला. जळजळीत पांढरी चिळकांडी उडाली ती थेट नांगोजीच्या देठांवरच्या दोन्ही डोळ्यांत. खेकड्याने अशी किंकाळी फोडली, की कड्यावरचे पक्षी उडाले. तो आंधळ्यासारखा वर चढत गेला, त्याची नांगी मध्ये येईल त्यावर मिटू लागली, आणि एकदा ती मिटली तेव्हा मध्ये तुरेबाईची मान होती.

नांगोजी खाली कोसळला आणि सरपटत बिळात गेला. त्याच्या डोळ्यांच्या जागी दोन पांढऱ्या गाठी उरल्या. तुरेबाई अर्धी तुटून लोंबत राहिली. तिच्या जखमेत दहिवर साचले, ती मऊ पडली, तिला वास येऊ लागला. शेवटपर्यंत ती नांगोजीलाच हाका मारत होती. कातळ्याचे नाव तिला ठाऊकच नव्हते.

ती मेल्यावर कातळ्याला वाटले, आता सुटलो. पण दोघांचा चीक कधीच एक झाला होता. तुरेबाईचे कुजणे दोरा ओलांडून खाली उतरले. रोज एका काट्याच्या जोडीएवढे अंग काळे पडून बसू लागले. फुटवा त्याच वाटेवर होता.

"मी ओढून काढू का त्याला?" सूतकाकीने विचारले.

"तुमच्या सुतानं तुटायचा नाही तो, काकी. ओढाल तर फाटेल. एका घावात तुटायला हवा. नांगोजीला बोलवा."

"वेड लागलं का तुला? तो त्याला ठेचेल."

"बोलवा तर खरं."

नांगोजी आला. दगड चाचपत, शिव्या देत आला.

"काय रे, माफी मागतोस?"

"माफी कसली? फुटवा अजून जिवंत आहे, एवढंच सांगायचं होतं," कातळ्या म्हणाला. "तुमच्याच्यानं तो झाला नाही. आता भिंतीपासून सरकून उभा आहे मी, तरी व्हायचा नाही. पूर्वी एका घावात तोडायचात म्हणे. आता म्हातारपण आलं. ठेचाल, चावाल, कसंतरी कराल."

"मी ठेचणार?" नांगोजीने नांगी उघडली. "मी? सांग, कुठं आहे?"

"जरा डावीकडे. अजून वर. हां, तिथंच. अगदी बुडाशी."

खट् असा आवाज झाला. घाव स्वच्छ होता. फुटवा कातळावर पडला आणि घरंगळून दोन दगडांच्या बेचक्यात गेला. नांगोजीला ते दिसले नाही. सवयीप्रमाणे त्याने जखमेत नांगी खुपसली आणि पोट भरेपर्यंत कातळ्याला आतून खरवडले.

नांगोजी गेल्यावर बेचक्यातून आवाज आला, "बाबा, तहान लागली."

"लागू दे."

ऊन तापत होते. दुसऱ्या दिवशी फुटव्याच्या अंगावर सुरकुत्या आल्या. चौथ्या दिवशी त्याचे बोलणे बंद झाले. सूतकाकीला राहवले नाही. पहाटे तिने सुतावर दहिवराचा टपोरा थेंब धरला आणि ती बेचक्याकडे निघाली.

"मागे व्हा," कातळ्या म्हणाला.

"लेकरू वाळतंय रे! बाप आहेस का दगड?"

"त्याची जखम ओली आहे, काकी. आत्ता पाणी लागलं तर तो बुडापासून सडेल. खपली धरू दे. एकदा खपली धरली की मग हवं तेवढं पाजा."

"तू मेल्यावर कोण पाजणार? मीच ना? मग मला शिकवू नकोस."

ती पुढे सरकली. कातळ्याचे अंग आता कमरेपर्यंत काळे होते. उरलेल्या हिरव्यात जेवढा जोर होता तेवढा एकवटून तो पुढे झुकला. कुजलेली कंबर मोडली. तो बेचक्यासमोर आडवा कोसळला, त्याचे काटे सूतकाकीच्या दोन पायांतून आरपार गेले आणि शेवटचा चीक तिच्या अंगावर सांडून ती होरपळली. थेंब फुटून दगडावर पसरला आणि ऊन येताच उडून गेला. काकीने दोन पाय तिथेच सोडले आणि ती विव्हळत मागे आली. कातळ्या पुन्हा हलला नाही.

काकी सहा पायांवर लांब बसून पाहत राहिली. ती पुन्हा पुढे गेली नाही. बाराव्या दिवशी फुटव्याच्या तळाला टणक, करडी खपली दिसली. त्यानंतर काही दिवसांनी तिच्यातून पांढरा तंतू निघाला आणि वाकून कातळाच्या भेगेत शिरला.

फुटवा हातभर झाला तेव्हा पठारावरचे सगळे तुरे एका आवाजात ओरडले, "नांगोजी! तोड! तोड!"

नांगोजी बिळातून निघाला. डोळे नव्हते, पण नांगी होती आणि कायदा पाठ होता. डोके उडवायचे तर वर बसवायला मोकळा तुरा नव्हता; चोरी तोडायची तर आधी दोरा सापडायला हवा होता. त्याने बुंधा शोधला आणि दोरा लागेपर्यंत नांगी वर सरकवत नेली. काटे टोचले तरी तो थांबला नाही. नांगी टोकाला पोचली. तिथे दोन कोवळी पाने होती. तो पुन्हा खाली आला. पुन्हा वर गेला.

"काकी," तो म्हणाला, "दोरा कुठं बांधलायस?"

सूतकाकीने आपले सूत पोटाशी गुंडाळून घेतले.

"तोड!" तुरे ओरडत होते.

"तोडतो," नांगोजी म्हणाला. "पण कशाच्या खाली?"

आणि उघडी नांगी त्या सरळ हिरव्या अंगावरून वर-खाली फिरत राहिली.