टिटवी आणि नितळ डोह

“तू ओरडलीस ना, आता कुणीतरी मरणार,” कोल्हा टिटवीवर खेकसला. “सकाळपासून कान किटवलेस. सगळं रान तहानेनं व्याकूळ झालंय आणि तू डोहाच्या वाटेत पंख पसरून उभी.”

“उभी आहे आणि उभीच राहणार,” टिटवी म्हणाली. “पाणी प्यायचं तर मला तुडवून जा.”

मुलांनो, एका जंगलात ऐन वैशाखात हे भांडण पेटलं होतं. ओढा आटून एकच डोह उरला होता. आदल्या संध्याकाळी कुणा माणसानं फवारणीचा पंप आणि कीटकनाशकाचे डबे त्यात विसळले. ते पाहिलं एकट्या टिटवीनं, कारण तिची अंडी तिथंच काठच्या खड्यांत होती. पण टिटवीचं ओरडणं म्हणजे अपशकुन, अशी रानाची समजूत. मग तिचं ऐकतो कोण?

“पाणी बघ तरी किती नितळ,” कोल्हा म्हणाला. “तळातला खडा न् खडा दिसतोय. वर काठाला आयते मासे लागलेत.”

हरिणीच्या पाडसाची जीभ बाहेर आली होती. हरिणी पुढे सरली तशी टिटवी तिच्या पायांत घुसली. “बाई, लेकरू तुझं, तूच ठरव. पण आधी ते मासे बघ. एरवी काठावर मासा पडला की मुंग्यांची रांग लागते. आज एक तरी मुंगी दिसते का?”

हरिणीनं वाकून पाहिलं. मुंगी नव्हती. माशीसुद्धा नव्हती. पाडसाला ढुशी देत ती मागे फिरली.

“मग काय तहानेनं मरायचं?” रानडुकरीण कुरकुरली.

“मरतेस कशाला? एवढं थोरलं मुस्काट काय नुसतं मिरवायला मिळालंय? डोहाच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या वळणावर वाळू उकर. तिथं खाली ओल आहे. मी रोज चोच घालून बघते.”

डुकरीण उकरत गेली. आधी ओली वाळू निघाली, मग गढूळ पाणी पाझरलं. ते निवळल्यावर पहिला घोट टिटवीनं स्वतः घेतला. मग पाडस प्यायलं, आणि पोटभर प्यायल्यावर आईभोवती उड्या मारू लागलं.

कोल्हाही प्यायला, पण खोड जाईना. मिशा चाटत म्हणाला, “पाणी मिळालं ते ठीक. तुझं ओरडणं मात्र अशुभ ते अशुभच.”

टिटवी अंड्यांवर बसता बसता म्हणाली, “मी ओरडते म्हणून मरण येत नाही रे, मरण दिसतं म्हणून मी ओरडते.”

तात्पर्य : विष नितळही दिसतं आणि खरा इशारा कर्कशही वाटतो, म्हणून रूपावर आणि आवाजावर जाऊ नये, खूण पारखावी.