घंटेचा दोर

“आणि चौथा मुद्दा?” गेरोंदांनी विचारलं.

युरोपाच्या दक्षिण काठच्या त्या बेटावरच्या मठात वृद्ध साधूला गेरोंदा म्हणतात. हे गेरोंदा इसिदोरोस ब्याऐंशी वर्षांचे. डोळे अधू झालेले, म्हणून लेफ्तेरिस त्यांना कागद वाचून दाखवत होता.

लेफ्तेरिस काही परका पाहुणा नव्हता. ऐन विशीत तीन वर्षं तो याच मठात शिष्य म्हणून राहिला होता. पुढे मन उडालं, निघून गेला, आणि राजधानीत एकेक पायरी चढत सरकारी सचिव झाला. मंगळवारी ब्रसेल्सला युरोपातल्या देशांची बैठक होती. सामायिक अर्थकारण आणि स्थलांतर यांत आपल्या सरकारला आधी काय हवं आणि मग काय, ते सांगणारा हा कागद. शब्द न् शब्द त्याचा होता आणि त्याला त्याचा अभिमान होता. का नसावा? कागद खरंच छान उतरला होता.

पहिला मुद्दा गुंतवणुकीच्या सामायिक निधीचा. दुसरा विजेचा. तिसरा, ऑलिव्हच्या हंगामासाठी बाहेरून कामगार आणण्याचा.

“चौथा,” लेफ्तेरिसने घसा खाकरला, “बाहेरच्या सीमा. विनापरवाना येणाऱ्या होड्यांना किनाऱ्यावरून कसलीही खूण मिळता कामा नये. दिवा नाही, आवाज नाही.”

“तिसऱ्यात तर माणसं बोलावलीत.”

“ती कागदपत्रं घेऊन येणारी, गेरोंदा.”

“हं…”

गेरोंदांनी कागदावर बोट ठेवलं.

“आवाज म्हणजे आमची घंटा?”

“हो.” लेफ्तेरिसने आडपडदा ठेवला नाही. त्यासाठीच तर तो आला होता. “बाकीचे देश मला सुनावतात, की तुमच्याच बेटावर घंटा वाजते, तिच्या रोखाने होड्या येतात, मग आलेल्यांचा भार आम्ही का उचलायचा? ही घंटा थांबली, तर भार वाटून घ्यायला ते तयार आहेत. तुमचा होकार मिळाला की झालं. मी काही दुष्ट नाही, गेरोंदा. मी हे लिहिलं नाही, तर माझ्या खुर्चीवर येणारा याहून वाईट लिहील.”

“लिहीलही.”

एवढंच. होकार नाही, नकार नाही. लेफ्तेरिस वाट पाहत राहिला.

बाहेर घंटा वाजू लागली.

एप्रिलमध्ये तिथे भरदुपारी समुद्रावर धुकं उतरतं. मठाखालचा किनारा म्हणजे नुसते खडक, आणि त्यांच्या मधून धक्क्याकडे यायला एकच वाट. धुकं उतरलं की साधू घंटा वाजवतात. तीन ठोके, थोडा विराम, पुन्हा तीन. कान देऊन होडी हाकली की माणूस सुखरूप धक्क्याला लागतो.

घंटेचे नियम दोनच. धुकं विरेपर्यंत ती थांबवायची नाही. आणि दोर कुणाच्या हातून काढून घ्यायचा नाही. ज्याच्या हाती आहे त्याने दिला, तरच घ्यायचा.

दोघं बाहेर आले. चार पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं, इतकं धुकं. घंटेशी निकोदिमोस होता, लेफ्तेरिसच्या बरोबरीने मठात आलेला साधू. जुना सोबती दिसताच त्याचा चेहरा खुलला.

“घे,” दोर पुढे करत तो म्हणाला. “तुझा हात बसलेला आहे यावर.”

लेफ्तेरिसने दोर घेतला. सवय अशी सुटत नाही. तीन ठोके, विराम, तीन ठोके. त्याला बरंही वाटलं असावं.

तेवढ्यात धुक्यातून हाक आली.

बाईचा आवाज होता. भाषा परकी, त्यातला एक शब्द कळेना. पण हाक ती हाक.

लेफ्तेरिसचा हात थांबला.

“वाजव,” निकोदिमोस म्हणाला.

लेफ्तेरिसने दोर छातीशी धरला.

मला हे सांगतानाही संताप येतो. निकोदिमोस पुढे झाला, पण गेरोंदांनी त्याच्या दंडाला धरलं. मी तिथे असतो, तर नियम गुंडाळून ठेवला असता आणि दोर हिसकावून घेतला असता. पण मी मठातला नाही.

“दोर दे, लेफ्तेरिस.”

“पाच मिनिटं, गेरोंदा. गस्तीची बोट या बाजूलाच आहे, ती त्यांना उचलेल. कुणाला काही होणार नाही. आज घंटा वाजली आणि ते इथे उतरले, तर मंगळवारी मी कुठल्या तोंडाने बोलू?”

“दे.”

“पाचच मिनिटं…”

पुन्हा हाक आली. या वेळी डावीकडून. मग उजवीकडून. होडी चाचपडत होती.

लेफ्तेरिस खाली मान घालून उभा. दोर इतका घट्ट धरलेला की बोटं पांढरी पडली होती. निकोदिमोस रडत होता. गेरोंदा तोंडाने काही पुटपुटत होते. गस्तीच्या बोटीचा पत्ता नव्हता.

मग लाकूड खडकावर आदळल्याचा आवाज झाला. बाईची हाक पुन्हा आली नाही.

“घंटा!” कुणीतरी ओरडलं. “अरे, घंटा कुठे गेली?”

आपली भाषा. आपल्याच किनाऱ्याचा हेल.

लेफ्तेरिसने मान वर केली. हा आवाज त्याने सकाळीच ऐकला होता. स्टेलियोस कोळी. त्यानेच लेफ्तेरिसला बेटावर सोडलं होतं आणि पाच वाजता न्यायला येणार होता. अजून तीनही वाजले नव्हते.

आता लेफ्तेरिस घंटा वाजवू लागला. वेड्यासारखी. तीनचा हिशेब नाही, विराम नाही. तळहात सोलवटले तरी तो थांबेना.

“तीन, लेफ्तेरिस,” गेरोंदा हळूच म्हणाले. “नाहीतर त्याला कळायचं नाही.”

तीन ठोके. विराम. तीन ठोके…

बऱ्याच वेळाने, धुकं विरल्यावर, होडी धक्क्याला लागली. तिघं खाली धक्क्यावर उतरले. पुढची फळी फुटलेली, आत गुडघाभर पाणी. स्टेलियोस सुकाणूपाशी उभा होता, कपाळातून रक्त वाहत होतं. होडीत परके लोक दाटीने बसले होते, निथळत, गप्प.

निकोदिमोस घोंगड्या आणायला धावला. गेरोंदा एकेकाला हात देऊन उतरवू लागले.

“यांची होडी उलटली होती,” स्टेलियोस म्हणाला. त्याला धाप लागली होती. “जाळी टाकून येत होतो, वाटेत दिसले. नऊ जण काढले, गेरोंदा. घंटेवर कान ठेवून नीट येत होतो. मी सुकाणूवर, म्हणून ती बाई पुढे उभी राहून हाका घालत होती. कुणी ऐकावं म्हणून. मग घंटाच थांबली. मी दोनदा फिरलो, काही कळेना…”

धक्क्यावर त्यांतले आठच जण होते.

“आदळलो तेव्हा ती पुढूनच पाण्यात गेली. उडी टाकली मी, पण हाताला लागली नाही.” त्याने बाहीने तोंड पुसलं. मग वर घंटेकडे पाहिलं. “दोर तुटला होता का हो?”



 लेफ्तेरिस धक्क्यावरच खाली बसला. तळहात रक्ताळलेले. स्टेलियोसच्या नजरेला नजर देण्याची त्याची हिंमत होईना. बऱ्याच वेळाने त्याने गेरोंदांच्या झग्याचं टोक धरलं.

“मला माहीत नव्हतं, गेरोंदा… स्टेलियोस आहे, हे मला माहीत नव्हतं.”

गेरोंदांनी खाली वाकून आपले अधू डोळे त्याच्या चेहऱ्याजवळ आणले.

“मग कोण आहे असं वाटलं होतं तुला?”