बोटभर जागा

संगणकाचे पडदे ट्रंकेएवढे जाड होते, त्या काळातली गोष्ट. एका वाचनालयाच्या संगणकात एक न्याहाळक, म्हणजे ब्राउझर, राहत असे. जगभरातली पानं आणून ग्रंथपाल दमयंतीबाईंपुढे मांडायची, हे त्याचं काम. एकदा शोधपट्टी आली. "तुझ्या माथ्यावर बोटभर जागा दे," म्हणाली. बाई तिच्यात शब्द टाकत आणि ती नेमकं पान सांगे. न्याहाळकाचे हेलपाटे वाचले.

ते पाहून इतर पट्ट्याही आल्या. बाई काहीही नवीन घेताना न वाचताच 'पुढे, पुढे' दाबत, त्यामुळे अडवणार कोण? राशिभविष्याची आली, हवामानाची आली, हसऱ्या चेहऱ्यांचीही आली. प्रत्येकीला बोटभरच जागा हवी होती.

एके दिवशी बाई कॉलेजच्या प्रवेशयादीत लेकीचं नाव बघायला बसल्या, तर पट्ट्यांच्या गर्दीखाली एका वेळी एकच ओळ दिसे. "हा न्याहाळक कामातून गेला. काढूनच टाकते," त्या वैतागल्या.

न्याहाळक हादरला. "अगं बायांनो, कुणीतरी उतरा गं!"

"मी तर बोटभरच आहे," राशिभविष्याची पट्टी म्हणाली. बाकीच्यांनीही तेच सांगितलं.

"बोटभर तर मीही आहे," शोधपट्टी म्हणाली आणि मुकाट्याने उतरली.

तेवढं पान मोकळं झालं, तेव्हा कुठे बाईंना खरी अडचण कळली. त्यांनी उरलेल्या सगळ्या पट्ट्या काढल्या. यादी पूर्ण उघडली, लेकीचं नाव सापडलं.

आता कॉलेजचा पत्ता शोधायचा होता. बाईंचा हात सवयीने माथ्याकडे गेला आणि रिकाम्या जागी थबकला.

"अरेच्चा! माझी शोधपट्टी कुठे गेली?"

बाकीच्या पट्ट्यांची त्यांना आठवणसुद्धा झाली नाही.