चित्रमहालातल्या मानाच्या खुर्च्या

पडद्यावर माणसं हसतात-रडतात हे कुणी सांगितलं, तर ऐकणारे त्यालाच वेडा ठरवायचे, त्या जुन्या काळातली ही गोष्ट. एका लहानशा गावात एका माणसाने चित्रमहाल बांधला. उंच खांब, लाल पडदा, दाराशी पितळी घंटा. घंटा वाजली की दिवे मालवायचे आणि खेळ सुरू व्हायचा. माडीवर यंत्रापाशी मालकाची लेक बसायची.

महालाला जागा पाटलांनी दिली होती. म्हणून मालकाने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "सगळ्यात पुढे पाटलांची मानाची खुर्ची. ते बसले की मगच घंटा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पंचक्रोशीतून बैलगाड्या येऊ लागल्या. सतरंजीवर मांडीला मांडी लावून लोक बसत, पडद्यावरच्या दुष्टाला शिव्या घालत, रडून मोकळे होत.

एके दिवशी सावकार म्हणाले, "काय हो, पाटलांनी जागा दिली, आणि आम्ही काय नुसत्या टाळ्या वाजवायच्या?" मालकाने दुसरी खुर्ची मांडली. मग वैद्यांची, मग पाटलांच्या व्याह्यांची. बघता बघता मानाच्या खुर्च्या चाळीस झाल्या. मान आला की फेटा आला, आणि फेटा आला की तुराही आलाच.

सतरंजी रिकामी होऊ लागली. मालकाला काही कळेना. त्याने खांब रंगवले, दारात अत्तर शिंपडलं. तरी माणसं येईनात. बाजारात कुंभारीण भेटली, तेव्हा त्याने विचारलं, "का गं, हल्ली फिरकत नाहीस?"

"आले होते की, मालक. अख्खा खेळभर एक गुलाबी फेटा बघितला. रंग झकास होता. गोष्ट तेवढी कळली नाही."

मालकाला वाटलं, चित्रच अवघड असणार. त्याने सोपं चित्र मागवलं.

लेक म्हणाली, "बाबा, एकदा मागे सतरंजीवर बसून बघा."

"मी मागे बसलो तर पाटलांना काय वाटेल?"

"आणि गावाला काय वाटतं?"

"लहान आहेस. मानपान तुला नाही कळायचं."

"नाही कळत तेच बरं आहे," असं म्हणून ती जिना चढून गेली.

पण गुंता पुढेच होता. चाळीसही जण बसल्याशिवाय घंटा वाजायची नाही. म्हणजे जो शेवटी येईल, त्याच्यासाठी सगळा गाव खोळंबणार. म्हणजे तोच सगळ्यात मोठा! झालं. नव्या चित्राच्या दिवशी चाळीसही मानकरी समोरच्या पारावर बसून राहिले.

"व्हा पुढे, वैद्यबुवा."

"छे छे, आधी तुम्ही."

"तुमच्या आधी आम्ही? भलतंच काय!"

मालक घंटेची दोरी धरून दारात उभा. एकदा पाराकडे बघे, एकदा आत. दोरी ओढावी तर वडीलधाऱ्यांचा अपमान. न ओढावी तर आत लोक जांभया देतायत. त्याचं डोकं चालेना.

लेक खाली आली. "बाबा, ओढा दोरी."

"अगं, अजून कुणीच बसलेलं नाही!"

"आत एकोणीस माणसं बसलीत. ती कुणीच नाहीत?"

मालकाने पुन्हा पाराकडे पाहिलं. हात दोरीवरच होता, पण हलला नाही.

एकोणीस माणसं मागच्या दाराने निघून गेली. दुसऱ्या दिवशी लेकीने यंत्र बैलगाडीत घातलं, गावाबाहेरच्या खळ्यावर पांढरं धोतर ताणून बांधलं आणि खेळ लावला. हळूहळू सगळा गाव तिकडे लोटला. महालाच्या पडद्याला कसर लागली, घंटा हिरवी पडली. पारावर मात्र "आधी तुम्ही" चालूच राहिलं.

एका संध्याकाळी मालक खळ्यावर गेला. फेटा काढून काखेत धरला आणि सगळ्यात मागे, कुंभारणीशेजारी मातीत बसला. समोर कुणाचाही तुरा आड येत नव्हता. तो गोंधळून म्हणाला, "इथे घंटा कधी वाजते गं?"

"घंटा कसली, मालक? खेळ केव्हाच सुरू झालाय. बसा गप."

तात्पर्य : मानकऱ्यांची वाट बघत जो दारात उभा राहतो, त्याच्या मागच्या दाराने माणसं निघून जातात.