मधाच्या गाडीचा पांढरा धूर

एकदा एक मधाचा व्यापारी कडाक्याच्या थंडीत, सकाळी सकाळी, घाटमाथ्यावरच्या एका वृद्ध मिस्त्रींच्या दारात गाडी घेऊन आला. गाडीत मागे मधाचे डबे होते आणि पुढे दिवस भरलेली त्याची मुलगी वासंती. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी दुपारपर्यंत दाखल व्हायला सांगितलं होतं. मधे अकरा मैलांचा घाट. ना घर, ना पाणी, ना फोनला रेंज.

मिस्त्रींना सगळे उस्ताद म्हणत. त्यांच्या हाताखाली सोजर नावाची बाई तीन वर्षं काम शिकत होती. धुराची विद्या तिला तोंडपाठ होती. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. निळसर म्हणजे आत ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे पाणी जळतंय. पण थंडीत पांढरी वाफ तर निरोगी गाडीही सोडते. एवढं यायला लागलं की माणसाची मान जरा ताठ होतेच. सोजरची झाली होती.

"आठ दिवस पांढरा धूर येतोय," शेठ म्हणाला. "एकदा बघा, म्हणजे निघतो."

सोजर सायलेन्सरपाशी ओणवी झाली आणि लगेच उठली. "थंडीची वाफ आहे, शेठ. तुमच्या तोंडातूनसुद्धा निघतेय की! जावा बिनघोर."

"आणि हा गोड वास?" उस्तादांनी ओट्यावरून विचारलं.

शेठ हसला. "मिस्त्री, पंचवीस वर्षं मध वाहतोय. माझ्या अंथरुणालाही हाच वास येतो. बायकोला विचारा."

सोजरही हसली. उस्ताद हसले नाहीत. ते खाली आले आणि म्हणाले, "सगळे डबे उतरवा. लांब, त्या झाडाखाली ठेवा. सोजर, मागची बाजू राखेने घास, गरम पाण्याने धू. गाडी मात्र बंद करू नका." मग त्यांनी आपली जुनी जीप आणून शेजारी उभी केली आणि तीही चालू ठेवली.

शेठचं डोकं फिरलं. "पोरीला दवाखान्यात न्यायचीय, वरातीत नाही! धूर बघा म्हटलं, तर म्हातारा गाडीला आंघोळ घालतोय!"

"बाबा, दम धरा जरा," वासंती म्हणाली. "पोटातल्याने धरलाय, तुम्हाला काय होतंय?"

सोजर रागारागाने घासत होती. तिला उस्तादांचीच लाज वाटत होती. वय झालं की माणूस असा भरकटतो, असं तिच्या मनात आलं.

धुऊन झालं. उस्ताद म्हणाले, "आता डोळे मीट." त्यांनी मनगट धरून तिला आधी जीपमागे नेलं. जळक्या पेट्रोलचा वास, बाकी काही नाही. मग शेठच्या गाडीमागे नेलं, आणि सोजर जागीच थबकली. डबे चाळीस पावलांवर होते. राख लावून पत्रा लख्ख झाला होता. तरी वास गोडच होता. गरम, ओला, घशाशी चिकटणारा.

तिने डोळे उघडले. जीपची वाफ केव्हाच विरली होती. शेठच्या गाडीचा धूर तसाच पांढरा, विरायचं नाव न घेता जमिनीलगत सरपटत होता. तिच्या अंगावर काटा आला. ते लोखंड अजून कुणी उघडलंसुद्धा नव्हतं, आणि ते आपल्या पोटातलं दुखणं असं उघड सांगत होतं.

उस्ताद शांतपणे म्हणाले, "थंडीची वाफ असती, तर इंजिन तापल्यावर गेली असती. रेडिएटरमधलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं गोडसर वासाचं पाणी, आत गळतंय आणि जळतंय, त्याचा हा गोडवा. अर्ध्या घाटात पाणी संपलं असतं आणि इंजिन जाम झालं असतं. सोजर, रंग तुला येतात. पण वासाचं उत्तर शेठच्या घरात आधीपासूनच तयार होतं, म्हणून तुम्ही दोघांनी प्रश्नच विचारला नाही. मी गाडी धुतली नाही, पोरी. ते तयार उत्तर तेवढं बाजूला ठेवलं."

शेठने बोनेटवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. "याच गाडीत बसवून नेणार होतो मी तिला," एवढंच तो पुटपुटला.

उस्तादांनी जीपची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. वासंती जीपमधून घाट उतरली. तिसऱ्या प्रहरी शेठचा फोन आला : मुलगी झाली, दोघी सुखरूप. बोलता बोलता शेठला रडू फुटलं.

त्या वेळी सोजर थंड झालेल्या इंजिनाचं झाकण काढत होती. आत चार पिस्टन. तीन तव्याच्या बुडासारखे काळेकुट्ट. चौथा मात्र आत्ताच घासल्यासारखा चकचकीत. गळणारं पाणी त्याला रोज धूत होतं. काल कुणी विचारलं असतं, तर तिने त्या चौथ्यालाच सगळ्यांत निरोगी म्हटलं असतं.

"उस्ताद, कोणता बिघडलाय ते सांगू?" तिने हाक दिली.

"सांग की."

सोजरने तोंड उघडलं, आणि मिटलं. मग पाना खाली ठेवून तिने पुन्हा पहिल्या पिस्टनपासून, एकेक करून, नीट बघायला सुरुवात केली.