धाकूनं काढलेला दर्याखालचा फोटो

दर्याकाठच्या एका गावात धाकू नावाचा एक भोळा गडी राहायचा. अंगानं माडासारखा, मनानं शहाळ्याच्या पाण्यासारखा. सांगाल ते करायचा. फक्त आज सांगितलेलं उद्या करायचा, आणि भलत्याच ठिकाणी करायचा. आई एकदा म्हणाली, दुधावर लक्ष ठेव. दूध उतू गेलं, चूल विझली, तरी धाकूचं लक्ष काही हललं नाही.

गावातल्याच शेवंतीवर त्याचा जीव होता. तिचाही होता. म्हणायची, इतकं ऐकणारा नवरा दुसरा कुठे मिळणार? पण तिचे वडील आबा तांडेल. मिशीचे भारी आणि शब्दाचे त्याहून भारी.

धाकू पास्कूभाऊच्या होडीवर कामाला होता. मुंबई-पुण्याची माणसं पाठीला हवेची टाकी बांधून, तोंडात नळी धरून, पोवळ्याचे खडक बघायला दर्याखाली उतरायची. धाकूनं सोबत उतरायचं आणि त्यांचे फोटो काढायचे, एवढंच काम. आबांनी चार माणसांसमोर त्याला सांगितलं, "शुक्रवारपर्यंत दर्याखालचा एक फोटो आण. त्यात माणूस ओळखू आला तर मुलगी तुझी. नाहीतर शनिवारी देवगडचे पाहुणे येतायत तिला बघायला."

सोमवारी धाकू उतरला. लांब उभा राहिला आणि चांगले वीस फोटो काढले. वर येऊन बघतात तर विसांतही नुसतं हिरवं पाणी.

पास्कूभाऊ म्हणाला, "मेल्या, पाण्यात लांबून काय दिसतंय? वीतभर अंतरावर जायचं."

"बरं," धाकू म्हणाला.

मंगळवारी एक कुटुंब आलं. पाण्यात उतरण्याआधी होडीतच सगळ्यांचा एक फोटो हवा, म्हणाले. आजोबा, आजी, मुलगा, सून, सगळे ओळीनं बसले. केस विंचरले. धाकू वीतभर अंतरावर गेला. फोटोत आजोबांची एक नाकपुडी आली. फार सुरेख आली, केस न् केस मोजून घ्यावा अशी. बाकीचं कुटुंब आलं नाही.

पास्कूभाऊनं कपाळाला हात लावला. "सगळे दिसेपर्यंत मागे सरकायचं रे."

"बरं," धाकू म्हणाला.

बुधवारी दोन बहिणींना घेऊन तो खाली उतरला. सरकला मागे. मागे सरकला तशा बहिणी पुसट झाल्या. पुसट झाल्या म्हणून आणखी सरकला. सरकता सरकता पोवळ्याच्या फांद्यांवर बसला. फांद्या मोडल्या, आणि त्यांच्या खाली दर्यातला तो काळा काटेरी गोळा असतो ना, तो होता. धाकूची किंकाळी बुडबुडे होऊन वर आली.

होडीत पालथं पाडून त्याचे काटे काढता काढता पास्कूभाऊनं बजावलं, "पोवळं म्हणजे दगड नव्हे, जिवंत असतं ते. जे जिवंत आहे त्याला पाण्यात हात लावायचा नाही. बसायचं तर नाहीच नाही."

"बरं," धाकू पालथाच म्हणाला.

गुरुवारी घाटावरचे एक शेठजी आले. शिडीवरून उतरताना पाय निसटला, तोंडातली नळी सुटली, गटांगळी खाल्ली आणि त्यांनी धाकूकडे हात पुढे केला. धाकूनं हात नीट पाहिला. बोटं वळवळत होती. म्हणजे जिवंत. धाकूनं आपला एक हात पाठीमागे घेतला आणि दुसऱ्यानं फोटो काढला. पास्कूभाऊनं उडी मारली म्हणून बरं. शेठजी वर आले ते पाणी आणि शिव्या एकदमच बाहेर टाकत.

तो फोटो धाकूनं संध्याकाळी आबांना दाखवला. नुसता एक हात होता त्यात. आबांनी तो उजेडात धरून पाहिला. "अंगठी ओळखू येतेय," म्हणाले, "माणूस येत नाही."

इकडे पास्कूभाऊचा घसा बसला होता. बसक्या आवाजात त्यानं शेवटचं सांगितलं, "कोणी हात पुढे केला की धरायचा. धरायचा आणि आपल्याकडे ओढायचा. विचारत बसायचं नाही."

"बरं," धाकू म्हणाला.

शुक्रवार उजाडला आणि गिऱ्हाईकच आलं नाही. धाकू टाकी बांधून, गळ्यात कॅमेरा अडकवून धक्क्यालगत पाण्यात तरंगत राहिला. वाट बघत. दुपार कलली तसे आबा आले. धोतर, काळा कोट, टोपी. देवगडला निरोप धाडायला निघालेले. मागे ती चार माणसं, आणि चौघांच्या मागे रडवेली शेवंती.

आबा धक्क्याच्या पायरीवर वाकले. "मुदत संपली. आणलास फोटो?" म्हणाले आणि हात पुढे केला.

धाकूनं विचारलं नाही. धरला आणि ओढला.

आबा जन्माचे पोहणारे, पण कोट घालून कधी पोहले नव्हते. गेले सरळ खाली. मागोमाग धाकू. खाली आबांचे दोन्ही हात धोतर सांभाळण्यात गुंतले होते. पुढे हात कोणीच केला नव्हता, मग धरायचं कोणाला? म्हणून धाकू वीतभर जवळ गेला. तिथून सगळे आबा दिसेपर्यंत मागे सरकला. जिवंत होते, म्हणून हात लावला नाही. आणि फोटो काढला.

पास्कूभाऊनं उडी मारून आबांना वर काढलं आणि तो फोटो धक्क्यावर सगळ्यांना कॅमेऱ्यातच दाखवला. टोपी वर तरंगतेय, मिशा दोन बाजूंना पंखांसारख्या पसरल्यात, डोळे पापलेटासारखे. चौघांनी माना डोलावल्या. आबांनी कोट पिळला, कॅमेरा हातात घेतला आणि फोटो बराच वेळ बघितला.

"ओळखू येतोय का हो माणूस?" शेवंतीनं हळूच विचारलं.

"मीच आहे," आबा म्हणाले.

शब्द तो शब्द. देवगडला नकार गेला आणि पंधरवड्यात मांडव पडला. कन्यादानाची वेळ आली. भटजी म्हणाले, "आबा, जावयासमोर हात पुढे करा."

आबांनी आधी कोट काढून ठेवला.